इसेन्शियल ऑइल, माणसाची पाठ आणि ॲलर्जीची चाचणी

इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या सुगंधी तेलाच्या बाटलीवर ‘त्वचेवर चाचणी केलेलं’ एवढंच छापलेलं असलं, तर त्यातून फारसं काही हाती लागत नाही. पाठीवर तेलाचा पॅच (पदार्थ भरलेली चिकटपट्टी) लावण्यामागे दोन पूर्ण वेगळे प्रश्न असू शकतात. पहिला प्रश्न असा, की या माणसाला या तेलाची ॲलर्जी आधीच झालेली आहे का? हा त्वचारोगतज्ज्ञाचा प्रश्न, आणि त्यासाठीची पॅच टेस्ट योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडली. दुसरा प्रश्न असा, की ज्यांना ॲलर्जी नाही अशा निरोगी माणसांना हे तेल ठरावीक मात्रेत वारंवार लावलं, तर नव्याने ॲलर्जी होईल का? या दुसऱ्या प्रकाराला ‘ह्युमन रिपीट इन्सल्ट पॅच टेस्ट’ म्हणतात. त्यात माणसाला कायमचं नुकसान होण्याची शक्यता असते, म्हणून तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सांभाळून करायचा असतो. इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहितो आहोत.

आधी ॲलर्जी कशी होते ते थोडक्यात. सुगंधी तेलांमधले रेणू लहान असतात, त्वचेत सहज शिरतात. त्यांपैकी काही रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि ते जोडपं शरीराला परकं वाटतं. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी ही खबर जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि तिथे त्या रेणूला ओळखणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींची फौज तयार होते. याला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि या काळात कातडीवर काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी तोच रेणू आला, की २४ ते ७२ तासांत खाज, लाली, पुरळ. म्हणूनच कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दुसऱ्या दिवशी बघण्याच्या घरगुती ‘चाचणी’तून इतकंच कळतं, की तेल लगेच जळजळ करत नाही किंवा आधीची ॲलर्जी ठळकपणे दिसत नाही. पुढे ॲलर्जी होणार की नाही, हे त्यातून कळणं शक्यच नाही. त्यातून तेल न मिसळता, जसंच्या तसं लावलं असेल, तर आपणच ॲलर्जीला आमंत्रण देतो.

तेल म्हणजे नेमकं कोणतं तेल?

चाचण्या फसतात त्या बहुतेक वेळा पाठीवर नव्हे, बाटलीतच. ‘दालचिनीचं तेल’ असं लिहून चालत नाही. सालीच्या तेलात मुख्यतः सिनामाल्डिहाइड असतं, पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल. ॲलर्जी करण्याच्या ताकदीत दोघांत मोठा फरक आहे. सिनामाल्डिहाइड बरंच तिखट, युजेनॉल त्यामानाने सौम्य. म्हणून नोंदीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव, झाडाचा भाग, काढण्याची पद्धत (वाफेवर, दाबून की सॉल्व्हंटने), लॉट क्रमांक आणि त्या लॉटचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (घटक वेगळे करून मोजण्याच्या तपासणीचा) अहवाल हवाच. मागच्या वर्षीच्या लॉटचा अहवाल जोडून भागत नाही. पीक बदलतं तसं तेल बदलतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेलाचं वय. लॅव्हेंडरमधलं लिनालूल किंवा संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन ताजं असताना ॲलर्जी करण्यात अगदी कमजोर आहे. हवा लागली की त्याचं ऑक्सिडेशन होतं, हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि ॲलर्जी करतात ते हे. स्वीडनमधल्या ॲन-थेरेस कार्लबर्ग यांच्या गटाने हे अनेक वर्षं काम करून दाखवलं. टी ट्री तेलाचंही तसंच. जुन्या, अर्ध्या रिकाम्या बाटलीत ॲस्कारिडोलसारखी ऑक्सिडेशनची उत्पादनं वाढतात, आणि ताज्या तेलाला काहीच न झालेल्या माणसाची पाठ जुन्या तेलाने फुलून येते. त्यामुळे चाचणीआधी पेरॉक्साइडचं प्रमाण मोजलंच पाहिजे. इंटरनॅशनल फ्रॅग्रन्स असोसिएशनची लिमोनीन आणि लिनालूल यांच्यासाठीची मर्यादा लिटरला २० मिलिमोल आहे, पाइन कुळातल्या तेलांसाठी १०. पहिल्या पॅचच्या आधी मोजायचं आणि पाच-सहा आठवड्यांनी शेवटच्या पॅचच्या वेळी पुन्हा मोजायचं. हा दुसरा आकडा अहवालात बहुधा नसतो, आणि तो नसेल तर शेवटी लावलेलं तेल सुरुवातीच्या तेलासारखंच होतं याला पुरावा राहत नाही.

तेल गडद काचेच्या लहान बाटल्यांत, काठोकाठ भरून, वरची हवा नायट्रोजनने घालवून, फ्रिजमध्ये ठेवायचं. प्रत्येक आठवड्यासाठी वेगळी बाटली उघडायची. एकच मोठी बाटली महिनाभर उघडझाप करत वापरणं म्हणजे दर आठवड्याला वेगळंच तेल तपासणं.

एक गोष्ट आणखी ठरवावी लागते: ताजं तेल तपासायचं की जुनं? लोक घरी तेल महिनोन्‌महिने ठेवतात. तेव्हा ताज्या तेलाचा स्वच्छ निकाल खरा असला, तरी वापरणाऱ्याच्या कपाटातल्या बाटलीला तो लागू होईलच असं नाही. पण मुद्दाम जुनं केलेलं तेल निरोगी माणसांवर वारंवार लावून ॲलर्जी होते का ते पाहणं आम्हाला मान्य नाही. त्यासाठी पेशींवरच्या आणि रासायनिक चाचण्या आहेत. माणसांवर ताजं तेल तपासावं आणि जुनं होणार नाही याची काळजी उत्पादकाने अँटिऑक्सिडंट, लहान बाटली आणि मुदतीची तारीख यांतून घ्यावी.

टक्के नव्हे, दर चौरस सेंटिमीटरला किती

या विषयात सर्वांत जास्त गोंधळ टक्क्यांनी घातला आहे. कातडीला टक्के कळत नाहीत. दर चौरस सेंटिमीटरवर किती मायक्रोग्रॅम पदार्थ पडला, यावर ॲलर्जी ठरते. उदाहरण घ्या. तेलाचं २ टक्के मिश्रण पेट्रोलियम जेलीत केलं आणि निदानासाठी वापरतात तशा ८ मिलिमीटर व्यासाच्या फिन चेंबरमध्ये (पॅचमधल्या छोट्या वाटीत) २० मिलिग्रॅम भरलं. चेंबरचं क्षेत्रफळ साधारण ०.५ चौरस सेंटिमीटर. तेल झालं ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मात्रा ८०० मायक्रोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर. आता तेच २ टक्के द्रावण २.५४ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पॅचवर ०.३ मिलिलिटर टाकलं, तर ६ मिलिग्रॅम तेल ६.४५ चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे सुमारे ९३० मायक्रोग्रॅम. आणि हाच पॅच अर्ध्या आकाराचा घेऊन द्रावण तेवढंच ठेवलं तर मात्रा दुप्पट. टक्के तिन्ही वेळी तेच.

याच हिशेबाने पुढचं पाऊल टाकायचं. ज्या घटकांवर भरपूर माहिती आहे, त्यांच्यासाठी ‘एवढ्या मात्रेपर्यंत नव्याने ॲलर्जी होण्याची अपेक्षा नाही’ असे आकडे प्रसिद्ध आहेत. सिनामाल्डिहाइडसाठी ५९० मायक्रोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर, सिट्रलसाठी १४००, आयसोयुजेनॉलसाठी २५०, युजेनॉलसाठी ५९००. समजा दालचिनीच्या सालीच्या तुमच्या लॉटमध्ये सिनामाल्डिहाइड ७० टक्के निघालं. वरच्या चौकोनी पॅचवर २ टक्के द्रावण टाकलं, तर सिनामाल्डिहाइडची मात्रा साधारण ६५० होते, म्हणजे मर्यादेच्या पुढे. ही चाचणी सुरूच करायची नाही. १ टक्क्याला ती ३२५च्या आसपास येते, तिथे विचार करता येईल. गवती चहाच्या तेलात सिट्रल ७५ टक्के धरलं, तर २ टक्क्यांना सिट्रल सुमारे ७०० पडतं, तेही मर्यादेत बसतं. हे गणित कागदावर दहा मिनिटांचं आहे. ते न करता ‘२ टक्के सगळे लावतात’ म्हणून सुरुवात करणाऱ्याला स्वयंसेवकांच्या पाठी देऊ नयेत.

बाजारातल्या उत्पादनाची मात्रा या आकड्याच्या जवळपाससुद्धा नसते. उत्पादन रोज लागतं, कधी काखेत, कधी दाढी केलेल्या गालावर, म्हणून हा आकडा आणखी सुमारे १०० ते ३००ने भागतात. चाचणीत पार पडलेली मात्रा आणि बाटलीत घालायची मात्रा एकच समजणं ही नवख्यांची हमखास चूक.

तेलाचं मिश्रण थेंब मोजून करू नका. ड्रॉपरचा थेंब तेलाच्या घट्टपणाप्रमाणे लहान-मोठा होतो आणि तेलांची घनताही सारखी नाही. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, लिंबाचं हलकं. वजनावर करा: पेट्रोलियम जेलीत २ टक्के हवं असेल तर ०.२० ग्रॅम तेल आणि ९.८० ग्रॅम जेली, तराजू मिलिग्रॅम दाखवणारा. जेली गरम करून पातळ केली तर तेल उडून जातं, म्हणून काचेच्या पाटीवर स्पॅट्युलाने थंडच घोटायची, आधी तेलाइतकीच थोडी जेली घेऊन आणि मग वाढवत. द्रावणासाठी डायएथिल थॅलेट आणि इथेनॉल ३:१ हे माध्यम या क्षेत्रात रुळलेलं आहे. त्यात पॅच भरल्यावर लगेच बंद करायचा नाही. किमान १५ मिनिटं उघडा ठेवून इथेनॉल उडू द्यायचं, नाहीतर कोंडलेल्या इथेनॉलची जळजळ तेलाच्या खात्यावर जमा होते. पण उलट टोकही आहे. जेलीतले पॅच सकाळी भरून दुपारपर्यंत उघडे ठेवले, तर सुगंधी घटक काही तासांतच लक्षणीय कमी होतात आणि खोटे निगेटिव्ह निकाल मिळतात. जेलीचे पॅच लावण्याच्या अगदी आधी भरावेत. बदामाचं किंवा इतर खाद्यतेल माध्यम म्हणून नको. ते स्वतःच खवट होतं.

माणसांना बोलावण्याआधी

आपल्या प्रश्नाचं उत्तर आधीच उपलब्ध असेल, तर चाचणीच नको. उंदरांच्या कानांवरची ‘लोकल लिम्फ नोड ॲसे’ ही पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे. आता प्राण्यांशिवायच्या पद्धतीही आहेत: प्रथिनांशी होणारी रासायनिक प्रतिक्रिया मोजणारी (४४२-सी), त्वचेच्या वरच्या थरातल्या केरॅटिनोसाइट पेशींवरची (४४२-डी) आणि लँगरहान्स पेशींशी मिळतंजुळतं वागणाऱ्या पेशींवरची (४४२-ई). मात्र त्या एकेका रसायनासाठी घडवलेल्या आहेत. शंभर घटकांच्या तेलाला रेणुभारच नाही, तेव्हा रासायनिक पद्धतीत मोलर प्रमाण काढायचं कशाचं? शिवाय पेशींना तेल विषारी ठरतं आणि ॲलर्जीचा संकेत झाकला जातो. त्यामुळे तेलाच्या मुख्य घटकांवर या चाचण्या बघायच्या आणि तेलाचा अंदाज बेरजेने बांधायचा. कोष्ठ या वनस्पतीच्या मुळाच्या तेलासारखी तेलं तर सुगंधी उद्योगाने ॲलर्जीपायी वापरातूनच काढली आहेत. त्यांची माणसांवर चाचणी करण्याचा प्रश्नच येत नाही.

हे सगळं झाल्यावर, ‘या मात्रेला ॲलर्जी होणार नाही’ असं मानायला पुरेसं कारण असेल, तरच माणसांकडे जायचं, आणि तेही खात्री करून घेण्यासाठी. ‘बघू या होते का’ म्हणून नाही. एखाद्याला ॲलर्जी लावून द्यायची आणि त्यावरून तेलाची ताकद मोजायची, हे युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवलं आहे, आणि ते योग्यच आहे. याला इतिहास आहे. १९४४ मध्ये ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी वारंवार पॅच लावण्याची पद्धत मांडली. १९६६ मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी ‘मॅक्सिमायझेशन’ पद्धत आणली. त्यात २५ जणांच्या कातडीला आधी सोडियम लॉरिल सल्फेटने (साबणासारख्या, जळजळ करणाऱ्या रसायनाने) चिडवायचं आणि मग ४८-४८ तासांचे पाच पॅच लावायचे. क्लिगमन यांचे प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर चालत. १९७०च्या दशकात अनेक सुगंधी तेलांची जी माहिती जमली ती या पद्धतीची आहे. जुन्या तक्त्यांत ‘४ टक्क्यांना २५ पैकी ०’ असं दिसलं की ते याच पद्धतीचं असण्याची शक्यता मोठी. तो आकडा आजच्या १०० जणांच्या निकालाशेजारी ठेवून तुलना करू नये.

स्वयंसेवक निवडताना वगळायचे ते असे: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, पाठीवर इसब, सोरायसिस, ताजा सनबर्न, मोठे व्रण किंवा गोंदण असलेले, पोटातून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, मागच्या काही दिवसांत पाठीला स्टिरॉइड मलम लावलेले, महिन्याभरात पाठीला भरपूर ऊन लागलेले, सुगंधाची ॲलर्जी माहीत असलेले, आणि अलीकडेच दुसऱ्या पॅच चाचणीत भाग घेतलेले. हा शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. मानधनासाठी एका चाचणीतून दुसरीत फिरणारे लोक असतात आणि त्यांची पाठ ‘कोरी’ नसते. अँटिहिस्टॅमिनच्या गोळ्यांनी मात्र या उशिरा येणाऱ्या प्रतिक्रियेवर फारसा परिणाम होत नाही, तरी त्यांची नोंद ठेवावी.

संमतीपत्रात एक वाक्य स्पष्ट हवं: या चाचणीमुळे तुम्हाला या तेलाची ॲलर्जी झाली, तर ती आयुष्यभर राहू शकते, आणि त्या घटकांचे साबण, क्रीम, अत्तर तुम्हाला टाळावे लागतील. ‘तात्पुरती लालसरपणाची शक्यता’ एवढ्यावर भागवलेली संमतीपत्रं एथिक्स कमिटीने परत पाठवायला हवीत. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर पुरळ गेल्यावर काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो, हेही सांगायचं.

नऊ पॅच, दोन आठवडे शांतता, एक पॅच

शंभर जण शेवटपर्यंत हवे असतील, तर ११५ ते १२० घ्यावेत. गावाला जाणारे, कंटाळणारे, चिकटपट्टीला वैतागणारे असतातच.

पॅच पाठीच्या वरच्या भागात, कण्यापासून दोन बोटं बाजूला. केस असतील तर वस्तऱ्याने नव्हे, कात्रीने किंवा ट्रिमरने आदल्या दिवशी काढायचे. तेल, लोशन लावायचं नाही. प्रत्येकाला निदान तीन पॅच हवेत: तेलाचं मिश्रण, नुसतं माध्यम आणि जळजळीचा अंदाज येण्यासाठी ०.१ ते ०.२५ टक्के सोडियम लॉरिल सल्फेट. माध्यमाचा पॅच नसेल तर निकाल वाचताच येत नाही. कुठे काय लावलं हे निकाल वाचणाऱ्याला माहीत नसावं.

पहिला टप्पा तीन आठवड्यांचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे नऊ पॅच, त्याच जागी. प्रत्येक पॅच २४ तासांनी स्वयंसेवक घरी काढतो, आणि पुढच्या भेटीत जागा तपासून नवा लावतात. पॅच असताना पाठ भिजवायची नाही, घाम गाळणारी मेहनत नको. जागेच्या कोपऱ्यांवर पक्क्या मार्करने खुणा करायच्या आणि प्रत्येक भेटीत त्या पुन्हा गडद करायच्या. खूण पुसली आणि पॅच दोन सेंटिमीटर सरकला, की नऊ पॅच एकाच जागी झाले असं म्हणता येत नाही. एखादी भेट चुकली तर शेवटी भरून काढावी, पण दोनांहून जास्त चुकलेल्याला वगळावं.

या टप्प्यात दिसणारी लाली बहुधा जळजळीची असते. ठळक लाली सुजेसकट आली तर पुढचा पॅच शेजारच्या कोऱ्या जागी लावतात, आणि तिथेही तेच झालं तर थांबवतात. त्याच लाल जागेवर रेटून पॅच लावणं ही क्रूर तर आहेच, शास्त्रीयदृष्ट्याही वाईट पद्धत आहे. दुखावलेल्या कातडीतून मात्रा कितीतरी जास्त शिरते आणि मग आपण ठरवलेली मात्रा तपासतच नाही. तिसऱ्या आठवड्यात, सातव्या-आठव्या पॅचच्या सुमारास, आधी स्वच्छ असलेली जागा अचानक पेटली तर मात्र कान टवकारावेत. ती नव्याने तयार झालेल्या ॲलर्जीची पहिली खूण असू शकते.

मग सुमारे दोन आठवडे काहीच लावायचं नाही. टी-पेशी तयार होण्यासाठी लागणारा वेळ तो हा. घाईत ही विश्रांती पाच-सहा दिवसांवर आणली, तर शेवटी उमटायला हवी ती प्रतिक्रिया तयारच झालेली नसते.

नंतर आव्हानाचा पॅच: तीच मात्रा, पण पाठीच्या दुसऱ्या बाजूला, आधी कधीही पॅच न लागलेल्या जागी. २४ तास ठेवायचा. काढल्यावर अर्धा तास थांबून पहिली नोंद घ्यायची, म्हणजे चिकटपट्टी ओढल्याची लाली निवते. त्यानंतर लावल्यापासून ४८, ७२ आणि ९६ तासांनी. शेवटच्या नोंदीला लोक येत नाहीत, ‘काही झालंच नाही’ म्हणतात. पण उशिरा उमटणाऱ्या प्रतिक्रिया तिथेच पकडल्या जातात, म्हणून मानधनाचा शेवटचा हप्ता त्या भेटीला ठेवणं व्यवहार्य. मधूनच सोडणाऱ्याला झालेल्या भेटींचं मानधन मात्र मिळालंच पाहिजे.

निकाल कसा वाचायचा

वाचायचं डोळ्यांनी आणि बोटांनी, दोन्हींनी. प्रकाश बाजूने पाडायचा. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, तपकिरी-जांभळट झाक दिसते आणि ती सहज निसटते. बोट फिरवल्यावर लागणारा घट्टपणा आणि बारीक पुळ्या निसटत नाहीत. त्यामुळे फोटोंवरून निकाल ठरवणं धोक्याचं.

जळजळ आणि ॲलर्जी यांतला फरक असा: जळजळीची कडा पॅचच्या आकाराइतकी नेमकी, पृष्ठभाग चकचकीत, सुरकुतलेला किंवा भाजल्यासारखा, आग होते, आणि पॅच काढल्यावर दर दिवशी ती उतरत जाते. ॲलर्जीत कडा ओलांडून पसरते, घट्ट सूज, पुळ्या, कधी पाण्याचे फोड, खाज जोरदार, आणि ७२ ते ९६ तासांपर्यंत ती चढत जाते. चढती की उतरती, हा सगळ्यात भरवशाचा संकेत. म्हणूनच एकाच नोंदीवर निकाल देऊ नये. चौकोनी चौकटीसारखी लाली, मध्ये स्वच्छ, असं असेल तर दोष चिकटपट्टीचा. एकाच पाठीवर माध्यमासकट सगळेच पॅच लाल झाले, तर कातडीच चिडलेली आहे. तो माणूस पॉझिटिव्ह धरू नका, सहा ते आठ आठवड्यांनी एकेक पॅच वेगळा लावून बघा.

शंकास्पद प्रतिक्रिया आली की पुढची पायरी ठरलेली: काही आठवडे थांबून पुन्हा पॅच, पण आता मात्रा कमी आणि तेलाचे मुख्य घटक सुटे-सुटे. त्यानंतरही निकाल धूसर असेल तर उघड्या त्वचेवरची चाचणी. बाहूच्या आतल्या बाजूला ५ बाय ५ सेंटिमीटर जागेवर ०.१ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, १४ दिवसांपर्यंत, पट्टी न बांधता. ही पद्धत प्रत्यक्ष वापराच्या सगळ्यात जवळची. बंद पॅचखाली तेल उडू शकत नाही, उघड्यावर बरंचसं उडून जातं. त्यामुळे पॅचला पॉझिटिव्ह आणि उघड्यावर निगेटिव्ह असं होऊ शकतं, आणि दोन्ही निकाल खरे असतात.

सुट्या घटकांबद्दल एक टीप. १९७०च्या दशकात असा दावा झाला, की सिनामाल्डिहाइडसोबत युजेनॉल किंवा लिमोनीन असलं तर त्याची ॲलर्जी दबते, म्हणून पूर्ण तेल सुट्या घटकापेक्षा सौम्य. ऐकायला गोड आहे आणि नैसर्गिक तेल विकणाऱ्यांना अजूनही आवडतो, पण नंतरच्या कामातून त्याला भक्कम आधार मिळाला नाही. हिशेब करताना अशी सूट धरू नये.

लिंबूवर्गीय तेलांचा मामला निराळा. दाबून काढलेल्या बर्गमॉटमध्ये बर्गाप्टेन असतं. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे पट्टे उठतात. ही ॲलर्जी नव्हे, पहिल्याच वेळी कोणालाही होऊ शकते. साध्या पॅचमध्ये कपड्याखाली ती दिसतच नाही. त्यासाठी दोन सारखे पॅच लावून एकावर ५ जूल दर चौरस सेंटिमीटर यूव्हीए (उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण) सोडतात आणि दुसरा अंधारात ठेवून तुलना करतात.

शून्याचा अर्थ

१०० पैकी कोणालाही ॲलर्जी झाली नाही, याचा अर्थ कोणालाच होणार नाही असा नाही. साधा नियम: शून्य निघालं तर ३ला माणसांच्या संख्येने भागा. १०० जणांत शून्य, तर खरं प्रमाण ९५ टक्के खात्रीने ३ टक्क्यांच्या आत आहे, एवढंच म्हणता येतं. २०० जणांत शून्य असेल तर दीड टक्का. लाखो लोकांनी वापरायच्या उत्पादनाला दीड टक्कासुद्धा प्रचंड आहे. म्हणूनच या चाचणीची खरी किंमत तिच्या मात्रेत आहे. वापरातल्या मात्रेच्या कितीतरी पट मात्रेला शून्य आलं, तर त्या शून्याला अर्थ. वापराच्याच मात्रेला १०० जणांवर शून्य आणून ‘ॲलर्जीरहित’ छापणारे आकडेवारीशी खेळतात.

निदानाच्या पॅचचे आकडे याहून वेगळे. तिथे माणूस आधीच ॲलर्जिक असू शकतो. पेट्रोलियम जेलीत पेपरमिंट, इलांग-इलांग, गवती चहा २ टक्के, टी ट्री ऑक्सिडाइझ केलेलं ५ टक्के, लिमोनीनचे हायड्रोपेरॉक्साइड ०.३ टक्के, लिनालूलचे १ टक्का, असे रुळलेले आकडे आहेत. पॅच दोन दिवस ठेवायचा, वाचन दुसऱ्या, चौथ्या आणि जमलं तर सातव्या दिवशी. रुग्णाने आणलेली स्वतःची बाटली तपासायची असेल तर तीही जेलीत मिसळूनच. न मिसळता लावली तर सगळ्यांचीच पाठ लाल होईल आणि काहीच कळणार नाही. शिवाय निदान करायला आलेल्या माणसाला नवी ॲलर्जी लागून जाईल. पॅच टेस्टमध्ये नेहमी लावली जाणारी ‘सुगंध मिश्रण एक’ आणि ‘दोन’ ही तयार मिश्रणं निगेटिव्ह आली, तरी तेलाची ॲलर्जी नाही असं धरू नये. त्या दोन्हींत मिळून १४च घटक असतात, आणि टी ट्रीच्या मुख्य घटकांपैकी एकही त्यांत नाही.

चाचणीत एखाद्या स्वयंसेवकाला ॲलर्जी झालीच, तर संशोधकांचं काम अहवालाने संपत नाही. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे उपचार मिळायला हवेत, खर्च प्रायोजकाचा. घटकांचं निदान पूर्ण करून त्याच्या हाती एक कार्ड द्यायचं. त्यावर तेलाचं नाव पुरत नाही, ॲलर्जी देणाऱ्या रसायनाची लेबलवर छापली जातात ती सगळी नावं हवीत. सिनामाल्डिहाइड ‘सिनामाल’ म्हणूनही छापलं जातं, आणि वेष्टनांवर ते बहुधा रोमन लिपीत असतं, म्हणून त्या लिपीतलं अचूक लेखनही कार्डावर लिहायचं. युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याच्या वर असे घटक नावाने छापावे लागतात. त्याखालच्या प्रमाणात ते नावाशिवायही असू शकतात, हेही त्याला सांगायचं. आणि टूथपेस्ट, च्युइंगगम, मालिशची तेलं, खोलीत उडवायचे सुगंध यांचा उल्लेख त्या कार्डावर असू द्यावा. क्रीमची यादी तपासणारे लोक नेमके तेच विसरतात.